पुलापलीकडची पानं

२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईला बाधली ती पानंच, असं इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी नक्की केलं. हृदय ठीक आहे, डोकंही ठीक आहे. ती आता घरी आहे, थोडंथोडं खाते आहे आणि माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे बरीच बरी आहे.

झालं असं. तिच्या खोलीमागच्या कालव्याच्या काठाला पांढऱ्या फुलांचं काहीतरी उगवतं. त्याची पानं आई गेला महिनाभर रानलसूण म्हणून आणते आणि अंड्याबरोबर परतून खाते. हे मला परवा कळलं, आणि तेही कसं, तर परवा ती खाल्ल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या आणि गरगरायला लागलं तेव्हा. वरच्या मजल्यावरचा बसचालक पाळीवर निघाला होता, त्याला ती जिन्यात बसलेली दिसली. त्यानंच तिला नेलं. मला फोन आला तेव्हा मी कारखान्यात कुणाच्या तरी कवळीचे दात बसवत होते. ते तसेच टाकून धावले. त्या बिचाऱ्या माणसाला आज दात मिळायचे होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडक्यात निभावलं; पण वनस्पती कुठली ते आम्हाला सांगता येणार नाही, कुणा जाणकाराला विचारा. मी म्हटलं, आमच्या घरात एक आहे, पण तो फोन उचलत नाही.

आता मुद्द्याचं. बाबा गेल्यावर आईनं लाँड्री विकून ही खोली भाड्यानं घेतली तेव्हाच मी म्हटलं होतं, माझ्याकडे राहा. तेव्हा ऐकलं नाही. इस्पितळातून आणताना गाडीत मी पुन्हा विचारलं. म्हटलं, एकटीनं राहणं आता पुरे झालं, महिनाअखेर खोली सोडू या, माझ्या थोरल्याची खोली रिकामीच आहे. तिनं मान डोलावली. खरंच सांगते, एका शब्दाचा वाद नाही! मला वाटलं होतं रणकंदन होईल. मी घरमालकाला लगेच कळवून टाकलं.

तरी मनात एक कुसळ राहिलंच आहे. ती म्हणते ती लसूणच आहे, मला चांगली कळते, पानांना दोष देऊ नका. ती म्हणते ते खरं असेल तर मी तिला उगाच तिच्या घरातून उचलून आणते आहे. पण पानं विषारी असतील आणि तिला ओळखता येत नसतील, तर तिला तिथे ठेवणं बरं नाही. तू जन्मभर वाळलेली रोपं कागदावर चिकटवलीस. तू काय ते ठरव. तू म्हणशील ते मी मानीन.

तिलाही दोन शब्द लिही, म्हणजे हसत येईल. आमच्यावर माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची,
छोटी

---

५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छोटीचं पत्र मिळालं. लहानपणी मी खडू खाल्ला म्हणून तू मला कान धरून आईपुढे उभं केलं होतंस. आता कुणाचा कान धरायचा ते सांग.

आधी तब्येत सांभाळ. मग माझं एक काम कर. त्या काठावरचं एक रोप मुळासकट उपट. खाली छोटासा कांदा असेल, तोही हवा. धुऊन, पुसून, जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेव, वर जड काहीतरी ठेव आणि आठवडाभर सुकू दे. मग पाठव. सोबत एवढं लिही की ताजं असताना वास कसला येत होता आणि दांडा हातात कसा लागत होता.

एवढं सगळं का, तर त्या वर्णनाची दोन रोपं आहेत. दोन्ही वसंतात येतात, दोन्हींना पांढऱ्या घंटा लटकतात, दोन्ही मुळात कुणाच्या तरी बागेतली. कुणीतरी कंटाळून मातीसकट बाहेर फेकलेली, आणि मग पाण्याच्या कडेनं आपापली पसरलेली. त्यातलं एक खुशाल खा. दुसरं डॅफोडिलच्या फुलाच्या विषारी भाऊबंदांतलं, ते पोटात गेलं तर जे तुझं झालं तेच होतं. अंदाजानं सांगायला मी काही ज्योतिषी नाही.

माझं म्हणशील तर ठीक. खाली सायकलचं दुकान आहे, ते लोक दिवसभर घंट्या वाजवून बघतात. तू इथे सुखानं राहिली असतीस, तुला एकही ऐकू आली नसती. रविवारी आमच्या वनस्पतींच्या बागेत जातो, जिथे सगळी नोकरी झाली. फाटकावर नवा माणूस आहे, तो माझ्याकडे तिकीट मागतो. मी काढतो. वाळल्या रोपांच्या दालनात आता पाहुण्यांना जाता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसून परत येतो. रोपांशी बोलायची मला सवय नव्हती कधी. आमची सगळी मेलेलीच असायची.

रोप लवकर पाठव. धाकट्यावरची मर्जी अशीच राहू दे.

तुझा,
ठोंब्या

---

९ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

रोप सोबत आहे. आठवडाभर थांबायची गरज पडली नाही. सगळा जन्म इस्त्रीत गेला, आणि एक काडी सपाट करायला मला वर्तमानपत्राची मदत लागते काय? ओलं फडकं वर घातलं आणि वाफेची इस्त्री फिरवली. कांद्यावर जरा जोर द्यावा लागला. बघ, कॉलर बसते तसं बसलंय. तुमच्या बागेतसुद्धा इतकं साफ काम होत नसेल.

वास लसणीचा. दांड्याचं मी लक्ष दिलं नाही, आणि इस्त्रीनंतर आठवलं. पण तुला म्हणून सांगते, ही पानं मी थंडी सरल्यापासून खाते आहे आणि एक दिवस पोट बिघडलं नाही. त्या दिवशीचं दुसरंच काही असेल. अंडं नासकं असेल.

मला ही पानं टोपीवालीनं दाखवली. नाव मला माहीत नाही. तिच्या डोक्यावर सदा हिरवी लोकरीची टोपी असायची, ऊन असो की नसो. मी कालव्याच्या पायऱ्यांवर बसायला जायचे, तीही यायची. एकदा तिनं पान चुरगाळून माझ्या नाकाला लावलं, मग स्वतःच्या तोंडात टाकलं, मग पोटावरून हात फिरवला. झाली ओळख. पुढे रोज. ती पुष्कळ बोलायची. मी ऐकू येत नाही म्हणून कानाकडे बोट दाखवलं, तरी ती बोलतच राहायची. मला ते आवडायचं. तुझे दाजी गेल्यापासून माझ्या तोंडाकडे बघून असं कुणी बोललं नव्हतं. माणसं मला बघितलं की हातवारे तरी करतात, नाहीतर छोटीशी बोलतात.

हल्ली बरेच दिवस दिसली नाही. गावाला गेली असेल.

तू विचारशील म्हणून सांगते, छोटीनं दिलेलं कानातलं यंत्र खणात आहे. ते घातलं की चमचा बशीत ठेवला तरी आमचं कपडे पिळायचं यंत्र सुरू झाल्यासारखं वाटतं. सगळं जग ऐकू येतं, फक्त समोरचं माणूस काय म्हणतंय तेवढं नाही. खोली चांगली आहे. खिडकी रस्त्याच्या पातळीला असल्यामुळे माणसं गुडघ्यापर्यंतच भेटतात. बसचालकाचे बूट मी ओळखते, आणि एका बाईचे, तिची डावी टाच झिजली आहे. कुणीतरी सांगायला हवं तिला.

छोटी रविवारी आली होती. चांगले झाकणाचे खोके ठेवून गेली. पोर गुणाची आहे. थंडीचे कपडे त्यात भरून ठेवीन म्हणते. घरमालकही येऊन गेला, खोलीची लांबीरुंदी आणि खिडकी टेप लावून मोजून गेला. पडदे देणार बहुतेक. इतकी वर्षं भाड्यानं राहिले, पण असा मालक पहिल्यांदाच बघितला.

पोटाला जप, बाहेरचं खाऊ नकोस. (हे मी सांगावं म्हणजे कमालच.) तू आमचा, आम्ही तुझे, एवढं धरून राहा.

ताई

---

१३ एप्रिल

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईनं रोप इस्त्री करून पाठवलं आहे. मी थट्टा करत नाही. इतकी वर्षं या कामात काढली. रानातून आलेली, चिखलातून आलेली, एकदा तर कुणाच्या बुटातून आलेली रोपं मी चिकटवली. कडक इस्त्रीचं हे पहिलंच.

त्याचा परिणाम असा की मला काही सांगता येत नाही. खायच्या रोपाचा दांडा तीन कडांचा असतो, विषारीचा चपटा आणि पोकळ. माझ्यापुढे आहे तो चपटा. क्षणभर मी 'विषारी' असं तुला लिहायला घेतलं होतं. मग पाकळीवर इस्त्रीच्या टोकाची चकाकी दिसली आणि हात थांबला. त्या इस्त्रीखाली खुर्चीचा पायसुद्धा चपटा झाला असता. वास पाहिला तर ओल्या फडक्याचा येतो. लसूण असलीच तर वाफेबरोबर गेली.

तेव्हा तू स्वतः काठावर जा. आईलाही घेऊन जा. तिनं आजवर जिथून जिथून पानं तोडली त्या सगळ्या जागा तिला दाखवायला सांग, आणि प्रत्येक जागेचं ताजं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळं पाठव. एकत्र करू नकोस.

आता दुसरी गोष्ट, आणि ही रोपाहून अवघड. तू खोके कशासाठी ठेवलेस हे तुझ्या आईला ठाऊक आहे का? तिनं मला लिहिलंय की त्यात ती थंडीचे कपडे ठेवणार आहे. घरमालक खिडकी मोजून गेला तो पडदे देणार म्हणून ती खूश आहे. तिनं गाडीत मान डोलावली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ती बसच्या वाहकापुढे डोलावते, डॉक्टरपुढे डोलावते, दूध आणणाऱ्यापुढे डोलावते. लाँड्रीत गिऱ्हाईक काय म्हणतंय ते यंत्रांच्या आवाजात कळायचं नाही तेव्हापासूनची ती सवय आहे. दाजी मागून येऊन गिऱ्हाइकाला पुन्हा विचारायचे. आता मागून येणारं कुणी नाही.

गाडी तू चालवत होतीस, म्हणजे तोंड रस्त्याकडे. तिला तुझे ओठही दिसले नसतील.

रागावू नकोस. म्हातारा मामा आहे, चुकत असेन. लोभात कमीजास्त होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा

---

१८ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मी गाडीत तिला तीनदा विचारलं होतं, मामा. तीनदा तिनं हो म्हटलं. निदान मला तरी तसं वाटलं.

रविवारी तिच्याकडे गेले. खोक्यांत खरोखरच थंडीचे कपडे होते, घड्या घातलेले, मध्ये कागद ठेवलेले. एकावर तिनं 'पुढच्या वर्षी' असं लिहून चिकटवलंय. मी कागद-पेन्सिल घेऊन गेले होते, सगळं लिहून सांगायचं म्हणून. पिशवीतून काढलीच नाही. तिनं माझ्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली होती. मी तिच्याशी इकडच्यातिकडच्या गोष्टी बोलत बसले आणि ती डोलावत राहिली. मी मुद्दाम मध्येच म्हटलं, आई, माझ्या डोक्यावर हत्ती बसलाय. तिनं हसून मान हलवली.

दर रविवारी संध्याकाळी मी तिला फोन करते. ती उचलते, 'बरी आहे मी, तू कशी आहेस' म्हणते आणि मग ऐकते. मी तिला सगळं सांगते, मुलांचं, कामाचं, घरातल्या कटकटीचं. दोन वर्षं सांगते आहे. मला वाटायचं आई किती शांतपणे ऐकून घेते.

एक अडचण झाली आहे. घरमालकानं नवा भाडेकरू बघितलाय. तू सांग मामा, मी काय करू? पानं विषारी निघाली तर मला तिला आणावंच लागेल, तिला आवडो न आवडो. माझ्याकडे दिवसभर घरी कुणी नसतं हे खरं आहे, पण निदान संध्याकाळी तरी असतं.

रोपं पाठवते आहे. पानं तोडायची खूण करून दाखवली तेव्हा आईनं मला दोन्ही जागा दाखवल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून आमच्या कारखान्यातल्या कवळ्यांच्या डब्यांत घातली आहेत. घाईत डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायला वेळ मिळाला नाही, तेव्हा घाबरू नकोस: 'वरचा जबडा' म्हणजे पायऱ्यांजवळची, 'खालचा जबडा' म्हणजे पुलापलीकडची. पायऱ्या तिच्या दारापासून जवळच आहेत. पुलापलीकडे मात्र ती फक्त एकदाच गेली होती म्हणे, आजारी पडली त्याच सकाळी. तेव्हा तिथे फुलं नव्हती, नुसती पानं होती. आता फुलली आहेत. वाट दगडाधोंड्यांची आहे. तिचा गुडघा बघता ती तिकडे कशाला गेली हे मी विचारलं. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

लवकर कळव. माया असू दे, या वेळी जरा जास्तच.

छोटी

---

२२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. तू आणि छोटी दोघीही बरोबर आहात, त्यामुळे भांडण मिटायची आशा धरू नकोस.

पायऱ्यांजवळचं रोप निर्धोक आहे. दांड्याला तीन कडा, पाकळीच्या मधून वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ, आणि डबा उघडताच माझी खोली लसणीनं भरली. खालचा सायकलवाला वर येऊन विचारून गेला, काय शिजतंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आला. तू महिनाभर खाल्लंस ते हेच.

पुलापलीकडचं मात्र विषारी. दांडा चपटा आणि आतून पोकळ, पान जास्त रुंद, वास शून्य. पाकळीला रेघ नाही, टोकाशी हिरवा ठिपका आहे, नखाला रंग लावावा तसा. दोन्हींची चित्रं काढून सोबत पाठवतो आहे, ती ओट्याजवळ लाव.

तुला वास आला होता असं तू म्हणशील, आणि तेही खरं आहे. तू आधी पायऱ्यांजवळ मूठभर तोडलीस ना? मग बोटांनाच लसणीचा वास होता. त्या बोटांनी दगड चुरगाळला असतास तरी लसूण वाटला असता. ही चूक रानात भल्याभल्यांची होते. म्हातारपणाशी किंवा विसरभोळेपणाशी तिचा संबंध नाही. छोटीला मी हेच आणि एवढंच लिहिलं आहे, कमी नाही, जास्त नाही. खोटं मी तिलाही सांगणार नाही आणि तुलाही नाही: आणखी दोनचार पानं गेली असती तर तू जिन्यापर्यंत पोचली नसतीस.

आता नीट वाच. मोठ्या अक्षरात लिहितो.

ते खोके थंडीच्या कपड्यांसाठी नाहीत. छोटीनं गाडीत तुला विचारलं होतं की खोली सोडून माझ्याकडे राहायला येतेस का. तू मान डोलावलीस. तिनं घरमालकाला कळवलं. त्यानं खिडकी मोजली ती नव्या भाडेकरूसाठी. महिनाअखेर खोली रिकामी व्हायची आहे.

हे तुला मी सांगावं लागतंय याचं तिला वाईट वाटतं आहे. ती सांगायला आली होती, पण तू खुर्चीवर उशी ठेवलीस. तिच्यावर रागावू नकोस. तुला जायचं असेल तर आनंदानं जा. तिच्या घरी ऊब आहे. जायचं नसेल तर ते तोंडानं सांग, नाहीतर कागदावर. मानेवर सोडू नकोस.

आणि एक मला सांग, माझ्यासाठी. रोज पायऱ्यांवर बसणारी तू, तो गुडघा घेऊन त्या दिवशी पुलापलीकडे कशाला गेलीस? तिकडे काय होतं?

उत्तराची वाट पाहतो. मोठ्या बहिणीची छाया आहे तोवरच आम्ही धाकटे.

ठोंब्या

---

२७ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. खोक्यांतले कपडे बाहेर काढले. पुन्हा ठेवले. मग पुन्हा काढले.

तू विचारलंस तिकडे काय होतं. काही नव्हतं. टोपीवाली येईनाशी झाली, म्हणून मी तिला बघायला गेले. ती पुलाकडून यायची, तेव्हा घर तिकडेच कुठेतरी असणार. गुडघा दुखत होता, पण म्हटलं, एवढं चालून तर बघू. पुलापलीकडे घरं पुष्कळ आहेत. सगळ्यांना सारखीच दारं. कुठलं वाजवू, आणि कुणी उघडलं तर विचारू काय? नाव माहीत नाही, आणि उत्तर ऐकू येणार नाही. हिरवी टोपी डोक्यावर घालून दाखवावी म्हटलं तर टोपी माझ्याकडे नाही. तशीच परत फिरले. येताना काठाला ती पानं दिसली, भरपूर, रुंद रुंद. वाटलं, रिकाम्या हातानं कशाला जायचं. बस्स, एवढंच.

तुझी चित्रं आल्यावर मात्र धीर राहिला नाही. ती त्याच बाजूची. तिनं ती दुसरी खाल्ली असतील तर? तुझं चित्र घेऊन कालव्याच्या पाण्याची दारं चालवतो त्या माणसाकडे गेले. त्याला पेन्सिल दिली आणि डोक्यावर टोपीची खूण केली. त्याला लगेच कळलं. त्यानं तुझ्या चित्राच्या मागे लिहिलं, बाई सुखरूप आहेत, त्यांचा मुलगा येऊन त्यांना आपल्या शहरात घेऊन गेला, कायमचा. त्याखाली लिहिलं, जायच्या आधी सगळ्यांचा निरोप घेऊन गेल्या, तुम्हालाही सांगितलं म्हणाल्या.

सांगितलं असेल. शेवटच्या सकाळी ती फार वेळ बोलली. एरवी बोलताना हात हलवायची, त्या दिवशी माझा हात हातात धरून ठेवला होता. मी डोलावत होते. मला वाटलं, पानांचंच चाललंय. मध्ये ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली, तेव्हाही मी हसून डोलावलं. मग तिनं आपली सगळी जुडी माझ्या पिशवीत घातली. मी म्हटलं, आज हिला नको असेल. ती पुलापर्यंत जाईतो तीनचारदा वळली. मला वाटलं, काही विसरली.

तिला काय वाटलं असेल रे? की ही बाई किती सहज घेते.

छोटीला मी दोन ओळी लिहिल्या, की मी हो म्हटलेलं नाही, मला विचारलंय हेच मला कळलं नव्हतं, आणि मला इथेच राहायचं आहे. ती दुसऱ्याच दिवशी कामावरून थेट आली, बाहीला पांढरी भुकटी तशीच. खोक्यावर बसली. या वेळी तिनं पेन्सिल काढली. सगळं संभाषण कागदावर झालं, त्यामुळे ते माझ्याकडे आहे आणि कुणाला नाकबूल करता येणार नाही. तिनं लिहिलं, पुन्हा असं काही खाल्लंस तर? मी लिहिलं, चित्र लावलंय ओट्यावर, आणि पुलापलीकडे आता मला काम नाही. तिनं लिहिलं, पण तू इथे अगदी एकटी आहेस. मी खाली लिहिलं, हो.

तिनं कागद स्वतःकडे ओढला. मग लिहिलं, तिकडेही दिवसभर एकटीच असशील, हे मला माहीत आहे. मी लिहिलं, इथे निदान माझी इस्त्री आहे. ती रडताना हसली. लहानपणी पडली की करायची तसं. रविवारी फोन करायच्या ऐवजी आता ती पत्र टाकणार आहे. दोन वर्षांत फोनवर सांगितलेलं सगळं पहिल्यापासून लिहून काढ म्हटलंय मी तिला. थोरल्याला नोकरी लागली हे मला काल कळलं. त्याला लागून वर्ष झालं!

पण गोष्ट अजून मिटलेली नाही. घरमालक म्हणतो, मी त्या माणसाला शब्द दिला आहे. त्याला खोली पसंत पडली तर मला मागे फिरता येणार नाही; त्यानंच नको म्हटलं तर तुम्ही खुशाल राहा. छोटी म्हणाली, मी येते आणि त्याच्याशी बोलते. मी नको म्हटलं. तोंडानं म्हटलं, चांगलं मोठ्यानं. मला वाटतं वरपर्यंत ऐकू गेलं असेल, कारण बसचालक खाली येऊन बघून गेला.

तो माणूस शनिवारी सकाळी येणार आहे. कसा असेल कोण जाणे. एकटा आहे म्हणतात. त्यालाही खोलीची गरज असेलच, नाहीतर ही रस्त्याच्या पातळीची खिडकी कोण घेतो? पण मी त्याला सांगणार आहे की इथे एक बाई राहते आणि ती कुठे जात नाही. कागदावर आधीच लिहून ठेवलंय, पण मी बोलूनच सांगीन. तो काय म्हणेल ते त्याला लिहून द्यायला सांगीन, आणि वाचल्याशिवाय हलणार नाही.

दार वाजलेलं मला कळत नाही, म्हणून शनिवारी सकाळपासून ते उघडंच ठेवणार आहे.

जे होईल ते कळवते. तोवर आपल्यातलं आहे ते आहे तसं राहो.

तुझी,
ताई